सिकलसेल, आनुवंशिकता आणि परिचारिका : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट, नंदुरबार. या भागात ड्युटी करणाऱ्या सिस्टर, ब्रदर, एएनएम आणि आशा ताईंना आनुवंशिक आजार पुस्तकात शोधावा लागत नाही, तो ओपीडीच्या रांगेत उभा असतो. नव्याने रुजू झालेल्या परिचारिका, नर्सिंगचे विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. भर सिकलसेलवर आहे, कारण आपल्याकडे घराघरांत पोचलेला आनुवंशिक आजार तोच आहे. इतर आजार शेवटी थोडक्यात आले आहेत.

जनुकं, गुणसूत्रं हे डॉक्टरांचं काम. नर्सला त्याचं काय?

डॉक्टर राउंडला येतात, पाच मिनिटं थांबतात, पुढे जातात. ते गेल्यावर आई सिस्टरला गाठते आणि हळूच विचारते, "ताई, हे माझ्यामुळं झालं का?" हा प्रश्न जनुकशास्त्राचाच आहे आणि त्याचं उत्तर त्या क्षणी तुम्हालाच द्यायचं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नव्या बीएस्सी अभ्यासक्रमात पॅथॉलॉजीबरोबर जनुकशास्त्र घातलं आहे ते बरंच झालं. पण परीक्षेपुरतं पाठ केलेलं ज्ञान त्या आईसमोर कामाला येत नाही. तिला कळेल अशा चार वाक्यांत ते मांडता आलं पाहिजे. शिवाय आनुवंशिक आजारात रुग्ण एकटा नसतो. खाटेवर एक लेकरू असतं, पण तपासायला हवीत अशी पाच-सात माणसं डबा घेऊन वॉर्डाच्या दारात उभी असतात. ती आधी दिसतात ती नर्सला.

सिकलसेलमध्ये रक्तात नेमकं काय बिघडतं?

११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचं जनुक असतं. त्यात एकच अक्षर बदलतं आणि प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच. पण त्यामुळे तयार होणारं 'एस' हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकाला चिकटून लांब दोऱ्या बनवतं. मग एरवी गोल आणि लवचिक असलेली तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि वेदना सुरू होते. या पेशी लवकर फुटतातही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते. म्हणून कायमचा रक्तक्षय, डोळ्यांत पिवळेपणा आणि पुढे पित्ताचे खडे.

अमेरिकेतल्या शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचं वर्णन केलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा दोष प्रथम नोंदवला गेला. आपल्या विदर्भात तो त्याआधीही होताच, फक्त त्याला वात, कावीळ नाहीतर बाहेरची बाधा म्हणत असत.

वाहक आणि ग्रस्त यांत फरक काय? 'एएस' आणि 'एसएस' म्हणजे?

प्रत्येकाला हे जनुक दोन प्रतींमध्ये मिळतं, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही चांगल्या असतील तर एए. एक चांगली, एक सिकलची असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असतील तर एसएस, म्हणजे ग्रस्त.

वाहक आजारी नसतो. हे ठणकावून सांगायला हवं, कारण नुसतं 'सिकल निघाला' एवढं ऐकून लोक पोराला शेतावर पाठवायचं बंद करतात, मुलीचं लग्न थांबवतात. वाहकाला औषध लागत नाही, त्याचं आयुष्य कमी होत नाही. क्वचित लघवीतून रक्त जाणं, किंवा फार उंचावर व शरीरातलं पाणी फार कमी झालेलं असताना त्रास होणं, एवढं लक्षात ठेवावं. आणि एक गोष्ट विसरू नका. एएस असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ७ आलं, तर 'सिकल आहे ना, म्हणून' असं म्हणून सोडून देऊ नका. वाहकपणामुळे हिमोग्लोबिन एवढं उतरत नाही. लोहाची कमतरता, जंत, पाळीत जास्त जाणारं रक्त यांचा शोध घ्यायलाच हवा.

सिकल तपासणीचा निकाल लिहिलेलं कार्ड हातात आलं की त्याच्या रंगावर जाऊ नका, आत काय लिहिलं आहे ते वाचा. एएस आणि एसएस यांत एका अक्षराचा फरक आहे आणि घाईच्या अक्षरात तो सहज पुसला जातो.

पहिलं मूल एसएस झालं. आता पुढची तीन तरी चांगली होतील ना?

असं नाही, आणि हा गैरसमज घरं उद्ध्वस्त करतो. 'चारात एक' असं आपणच सांगतो आणि ऐकणारा ते हिशोबासारखं धरतो. एक झालं, आता तीन सुटली.

आई आणि वडील दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात नव्याने तीच शक्यता असते. २५ टक्के एसएस, ५० टक्के एएस, २५ टक्के एए. मागच्या बाळाचा पुढच्या बाळाशी काही संबंध नाही. समजावताना मी दोन वाट्या घेते. प्रत्येक वाटीत एक ज्वारीचा आणि एक तुरीचा दाणा टाकते. एक वाटी आईची, एक बापाची. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलायला सांगते. दोन्ही तुरीचे निघाले तर एसएस. मग दाणे परत वाट्यांत टाकून पुन्हा उचलायला लावते. लागोपाठ दोनदा तूर-तूर आली की नवरा-बायको गप्प होतात. मग प्रश्न विचारतात, आणि तिथून खरं समुपदेशन सुरू होतं.

एक जण एएस आणि एक एए असेल तर कुठलंही मूल एसएस होत नाही, निम्मी शक्यता वाहक होण्याची. एक एसएस आणि एक एएस असेल तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता ग्रस्त मुलाची, उरलेली निम्मी वाहकाची.

"आमच्या घराण्यात कुणालाच नाही. सुनेच्या माहेराकडून आलं असणार." याला काय उत्तर द्यावं?

शांतपणे, पण सगळ्यांसमोर सांगावं की एसएस होण्यासाठी दोन्हीकडून एकेक जनुक यावंच लागतं. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. घराण्यात कुणाला त्रास नव्हता याचा अर्थ वाहक होते, आणि वाहकाला कळत नाही. वाहकपण पिढ्यान्‌पिढ्या न बोलता चालत येतं.

हे उत्तर सासूला एकटीला देऊ नका, सुनेलाही एकटीला नको. नवरा, सासू, सासरे असतील तर त्यांना बसवून सांगा. दोष बाईच्या माथी मारायची आपली जुनी सवय आहे आणि ती तोडायला प्रयोगशाळेचा कागद फार उपयोगी पडतो. नवऱ्याचा रिपोर्ट त्याच्या हातात द्या आणि त्यावरचं 'एएस' त्यालाच वाचायला लावा.

हा ठराविक जातीजमातींचाच आजार आहे का?

विदर्भात अनुसूचित जाती, आदिवासी जमाती आणि काही इतर मागास समाजांत प्रमाण जास्त दिसतं. गोंड, माडिया, परधान, सातपुड्यात भिल्ल आणि पावरा. याचं कारण रक्ताची शुद्धता-अशुद्धता असलं काही नाही. कारण मलेरिया आहे. एएस असलेल्या मुलाला फाल्सिपेरम हा मलेरियाचा गंभीर प्रकार झाला तरी तो जिवावर क्वचितच बेततो. हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं. जिथे हजारो वर्षं मलेरिया होता तिथे वाहक जगले-वाचले आणि जनुक टिकलं. गडचिरोलीच्या जंगलात मलेरिया आणि सिकल दोन्ही का सापडतात, त्याचं उत्तर हे. जातीबाहेर लग्नं होतात, माणसं शहरात जातात, तसं जनुकही जातं. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयातही आडनाव पाहून तपासणी टाळू नये.

सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली. आता सिकलसेल झालं म्हणायचं?

नाही म्हणायचं. ही चाचणी फक्त 'एस' हिमोग्लोबिन आहे की नाही एवढं सांगते. वाहक की ग्रस्त हे तिला कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. तोवर रजिस्टरमध्ये 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, पुढील तपासणी बाकी' एवढंच लिहा. शाळेच्या शिबिरात हात वर करून 'ही पॉझिटिव्ह' असं सांगू नका. ते पोर दहावीपर्यंत त्या नावाने ओळखलं जातं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही चाचणी भरवशाची नाही, कारण त्या वयात रक्तात गर्भावस्थेतलं 'एफ' हिमोग्लोबिन जास्त असतं. याच कारणाने एसएस बाळ पहिले काही महिने धडधाकट दिसतं आणि 'ह्याला काही नाही' म्हणून पुढचा फॉलोअप सुटतो. नवजात बाळासाठी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन एचपीएलसीला पाठवतात.

रक्त चढवलेल्या रुग्णाचा नमुना घ्यायचा असेल तर मध्ये तीन महिने जाऊ द्यावेत. नाहीतर रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मिसळून रिपोर्ट चुकीचा येतो. लॅबच्या फॉर्मवर 'शेवटचं रक्त कधी दिलं' हा रकाना नसेल तर हाताने लिहा.

एसएस नसूनही सिकलचा तसाच त्रास असलेले रुग्ण सापडतात. त्यांना एका बाजूने सिकलचं जनुक आलेलं असतं, दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमियाचं, म्हणजे बीटा ग्लोबिन कमी बनवणारं. म्हणून जोडप्याचं समुपदेशन करताना एक सिकल वाहक आणि दुसरा 'सिकल निगेटिव्ह' एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. दुसऱ्याचीही एचपीएलसी पाहून ए-टू हिमोग्लोबिन (थॅलेसेमियाच्या वाहकात ते वाढतं) वाढलेलं आहे का हे डॉक्टरांना दाखवावं.

कुटुंबाची माहिती घेताना काय विचारायचं? लोक सांगत नाहीत.

'घरात कुणाला आनुवंशिक आजार आहे का' असं विचारलं की 'नाही' हेच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा. लहानपणी हातापायाची बोटं सुजायची असं कुणी होतं का? डोळे कायम पिवळे कुणाचे? कुणाला वरचेवर रक्त चढवलं? कमी वयात कोण गेलं, कशाने? कुणाचं कंबरेचं हाड खराब झालं, लंगडत चालतं? बाळंतपणात कोण दगावलं?

तीन पिढ्यांचा तक्ता कागदावर काढा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ग्रस्त असेल तर आतून भरलेला, वाहक असेल तर अर्धा भरलेला. नात्यात लग्न असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडे रीतीतलं आहे, त्यामुळे हे विचारताना आवाजात नापसंती येऊ देऊ नका. दत्तक मूल, दुसरं लग्न अशा गोष्टी चारचौघांत उकरायच्या नाहीत, त्या बाजूला घेऊन विचाराव्यात.

दुखण्याचा अटॅक घेऊन रुग्ण आला. सिस्टरने पहिल्यांदा काय करायचं?

पहिल्यांदा विश्वास ठेवायचा. सिकलच्या वेदनेला बाहेरून खूण नसते. नाडी बरी, रक्तदाब बरा, एक्स-रे स्वच्छ, आणि तरी माणूस हाड फुटल्यासारखा कळवळत असतो. वर्षानुवर्षं दुखणं सोसलेला तरुण रडत नाही, भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघत पडतो. 'मोबाइल बघतोय, म्हणजे नाटक' असं वॉर्डात बोललं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. तो लक्ष दुसरीकडे वळवतो आहे. वेदना किती आहे हे रुग्ण सांगेल तेवढी. ० ते १० मध्ये विचारा, लहान मुलाला चेहऱ्यांचा तक्ता दाखवा, आकडा लिहा.

आल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिला वेदनाशामक डोस मिळावा असं धरून चाला. केसपेपर, कार्ड, आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), या रांगेत तो मागे पडता कामा नये. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल, मध्यमाला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी औषधं, मूत्रपिंडाची तपासणी ठीक असेल तर. तीव्र वेदनेला मॉर्फिन लागतं आणि ते द्यायला कचरू नये. पेथिडीन टाळतात, कारण त्याने झटके येऊ शकतात. 'सवय लागेल' या भीतीने डॉक्टर अर्धा डोस लिहीत असतील तर रुग्णाचा आकडा आणि वेळ त्यांच्यासमोर ठेवा. दर अर्ध्या तासाला पुन्हा विचारा, दुखणं उतरेपर्यंत. मॉर्फिन चालू असताना श्वासाची गती आणि झोपाळूपणा बघायचा, बद्धकोष्ठतेचं औषध सुरुवातीपासून मागून घ्यायचं.

शेक गरम द्यायचा. बर्फ कधीही लावायचा नाही, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि अटॅक वाढतो. मालिशवाल्याकडून जोरात चोळून आणलेला पाय दिसला तर रागावू नका, पण पुढे तसं करू नका हे सांगा. पाणी तोंडाने जाईल तेवढं द्या. सलाईन डॉक्टर सांगतील त्या वेगानेच, बाटल्यांवर बाटल्या लावून फुप्फुसात पाणी भरतं. प्राणवायूचं प्रमाण ९५ च्या खाली असेल तर ऑक्सिजन. सगळ्यांना सरसकट लावायची गरज नाही.

दाखल झाल्यावर दुसरा-तिसरा दिवस धोक्याचा. छातीत दुखतं, खोकला, धाप, ऑक्सिजन हळूहळू उतरतोय असं दिसलं तर तो छातीचा सिंड्रोम असू शकतो आणि त्याने रुग्ण दगावतो. म्हणून पडून राहिलेल्या रुग्णाला जागेपणी दर दोन तासांनी दहा खोल श्वास घ्यायला लावा. स्पायरोमीटर नसेल तर फुगा फुगवायला द्या. लेकरं फुगा आनंदाने फुगवतात.

एका अंगाची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं हे लहान मुलातही पक्षाघाताचं लक्षण आहे. मुलगा वयाने आठ वर्षांचा आहे म्हणून ते बाजूला टाकू नका. पुरुष रुग्णाला शिश्नाचा ताठरपणा दुखत राहिला तर तो लाजेने सांगत नाही, ब्रदरने एकदा आडून विचारून घ्यावं. चार तासांच्या वर गेलं तर कायमचं नुकसान होतं.

ताप आला तर थांबून पाहावं का?

अजिबात नाही. एसएस बाळाची प्लीहा लवकर निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तात पसरतात. १०१ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना. आईला हे डिस्चार्जच्या दिवशी सांगून चालत नाही. दर भेटीत सांगावं लागतं आणि घरात थर्मामीटर आहे का, तो वाचता येतो का, हे बघावं लागतं.

प्रतिबंध म्हणून दोन महिन्यांच्या वयापासून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिनच्या गोळ्या रोज दोनदा. तीन वर्षांच्या आत १२५ मिलिग्रॅम, नंतर २५०. न्यूमोकोकलची लस चुकवायची नाही.

प्लीहा हाताला लागते का हे आईला शिकवा. डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून, मूल शांत झोपलेलं असताना. एरवी किती लागते हे तिला माहीत असलं की एक दिवस ती अचानक मोठी झाली, पोर पांढरंफटक पडलं, पोट फुगलं, हे तिच्याच लक्षात येतं. प्लीहेत रक्त साठून मूल काही तासांत दगावू शकतं. अशा वेळी आधी सोनोग्राफी म्हणून ताटकळू नये.

हिमोग्लोबिन ६ आहे. रक्त चढवावंच लागेल ना? आणि लोहाच्या गोळ्या?

कित्येक एसएस रुग्ण ६ ते ९ वर आयुष्य काढतात. त्यांचं एरवीचं हिमोग्लोबिन किती असतं ते विचारा. एरवी ७ असणाऱ्याचं ६.५ आलं आणि त्याला धाप नाही, तर फक्त आकड्यावर रक्त देत नाहीत. उलट रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या वर नेलं तर रक्त घट्ट होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो.

रक्त लागणारच असेल तर पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळून हलायचं नाही, हे नेहमीचंच. पण सिकलमध्ये रिअ‍ॅक्शन उशिराही येते. रक्त दिल्यानंतर एक-दोन आठवड्यांत लघवी काळपट, कावीळ वाढलेली आणि हिमोग्लोबिन आधीपेक्षा कमी. असं झालं तर आणखी एक बाटली लावण्याआधी रक्तपेढीला अँटिबॉडी तपासायला सांगावं लागतं.

लोह सरसकट देऊ नये. पेशी फुटून लोह शरीरातच राहतं, वरून वारंवार रक्त दिलेलं असेल तर ते साठतं. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी एसएस मुलाला द्यायची की नाही हे फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, पाहून डॉक्टर ठरवतील. फॉलिक अ‍ॅसिड मात्र रोज.

हायड्रॉक्सीयुरिया कॅन्सरचं औषध आहे ना? लोक घाबरून बंद करतात.

ते कॅन्सरमध्येही वापरतात, हे लपवू नका, कारण मेडिकल दुकानात कुणीतरी सांगतोच. मग तुमच्यावरचा विश्वास जातो. सांगा, की हे औषध शरीरात 'एफ' हिमोग्लोबिन वाढवतं आणि त्यामुळे पेशी विळ्याच्या आकाराच्या व्हायच्या कमी होतात. भारतीय रुग्णांत 'एफ' मुळात थोडं जास्त असतं म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असं पूर्वी मानलं जायचं. विदर्भातल्या मुलांच्या अनुभवाने ते खोटं ठरवलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी कमी डोसवर, म्हणजे वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमवर, काम केलं आणि एवढ्यानेही अटॅक कमी होतात हे दाखवलं.

गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या महिन्यात फरक दिसत नाही म्हणून गोळ्या सुटतात, तिथेच आशा ताईंची भेट कामाला येते. नियमित सीबीसी हवी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली आले तर औषध काही दिवस थांबवतात. मूल हवं असणाऱ्या स्त्री-पुरुषांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, गरोदरपणात ते देत नाहीत. कॅप्सूल हाताळताना हातमोजे घाला, गरोदर सिस्टरने ती उघडू नये.

गरोदर बाई एएस निघाली. पुढे?

नवऱ्याची तपासणी, त्याच आठवड्यात. तो कामाला तेलंगणात किंवा सुरतेला असेल तर तिथल्या सरकारी दवाखान्यात करून रिपोर्टचा फोटो मागवा. दोघं वाहक असतील तर गर्भाची तपासणी करता येते. ११ ते १४ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन. आपल्याकडे बाई पाचव्या महिन्यात नाव नोंदवते आणि ही सगळी वेळ निघून जाते. पहिल्या तीन महिन्यांतली नोंदणी या भागात का महत्त्वाची, त्याचं हे एक मोठं कारण.

१९९४ चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी करू देतो, लिंग सांगायला मात्र इथेही सक्त मनाई आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. ठरावीक गटांतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी आहे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळ ठरवतं.

ठेवायचं की नाही, हा निर्णय जोडप्याचा. 'मी तुमच्या जागी असते तर' असं बोलू नका, त्यांनी आग्रह केला तरी. एसएस मुलं आज शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात. त्यांना त्रास किती होतो हेही खरं आहे. दोन्ही सांगा.

लग्नाआधी कार्ड जुळवावं म्हणतात. मग वाहकांनी लग्नच करू नये का?

वाहकाने एए असलेल्याशी लग्न केलं तर मुलांना सिकलचा आजार होत नाही. दोन वाहकांनी केलं तर काय होऊ शकतं हे आधी माहीत असावं, एवढाच तपासणीचा हेतू. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. कार्ड त्यासाठीच आहे. पण गावात त्याचा वापर मुलींना नाकारण्यासाठी होताना दिसतो. मुलाचं कार्ड कुणी मागत नाही. समुपदेशन शाळा-कॉलेजात, मुलामुलींसमोर एकत्र करा. लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर फार उशीर झालेला असतो. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी उभारून आयुष्यभर जे काम केलं आणि ज्यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, ते गावकऱ्यांशी असंच समोर बसून बोलण्याचं होतं.

मुलाकडचे येऊन मुलीचा रिपोर्ट विचारतात. सांगायचा का?

नाही. तिच्या परवानगीशिवाय कुणालाही नाही, सरपंचाला नाही, तिच्या काकाला नाही. 'दोघांनी मिळून या, दोघांचाही सांगते' एवढंच म्हणा.

सिकलसेलशिवाय कोणते आनुवंशिक आजार नर्सने ओळखावेत?

जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता आपल्या भागात महत्त्वाची. व्हायव्हॅक्स मलेरियाला १४ दिवस प्रायमाक्विन देतो. या रुग्णात त्याने तांबड्या पेशी धडाधड फुटतात. गोळी सुरू झाल्यावर लघवी कोळशाच्या पाण्यासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच कळवा, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगा. दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांत जास्त दिसतो.

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, हाही तसाच एक्सवर. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. ग्रस्त वडिलांच्या सगळ्या मुली वाहक, मुलगे मोकळे. एक-तृतीयांशाच्या आसपास रुग्णांत घरात आधी कुणालाच नसतं. स्नायूत इंजेक्शन नाही, अ‍ॅस्पिरिन नाही. लस द्यायची तर बारीक सुई आणि नंतर किमान पाच मिनिटं दाबून धरणं, चोळायचं नाही.

पूर्ण बरं करणारा उपाय आहे का?

अस्थिमज्जा प्रत्यारोपण आहे. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर या जनुकात बदल करणाऱ्या तंत्रावरच्या उपचाराला मान्यता मिळाली, पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. बातमी वाचून आलेल्या बापाला खोटी आशा देऊ नका आणि झिडकारूही नका.

सवलती काय मिळतात?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे २१ दिव्यांगत्वांत आहेत. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करायला मदत करा. शासकीय नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत, तसं आश्वासन देऊ नका. एसटीच्या प्रवासात सिकलसेल ग्रस्तांना सवलत आहे. वाहकाला यातलं काही लागू नाही, तो दिव्यांग नाही.

रुग्णाला नागपूरला रेफर करताना चिठ्ठीत काय हवं?

पॅटर्न एसएस की सिकल-थॅलेसेमिया. एरवीचं हिमोग्लोबिन आणि आजचं. प्लीहा किती लागते. शेवटचं रक्त कधी, रक्तगट, पूर्वी रिअ‍ॅक्शन आली का. हायड्रॉक्सीयुरियाचा डोस. कोणत्या वेदनाशामकाने, किती मात्रेने मागच्या वेळी आराम पडला. शेवटचा डोस किती वाजता दिला. १०८ मध्ये बसवताना पांघरूण आणि प्यायचं पाणी बरोबर द्या, रस्त्यात थंडी वाजली की अटॅक वाढतो.